लंडनमधील अर्धपोटी दिवस आणि सोलापूरचे वसतिगृह

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथालयाचे दार सकाळी उघडले की आत शिरणाऱ्या पहिल्या काही वाचकांमध्ये १९२०-२१ च्या सुमारास एक भारतीय विद्यार्थी नेमाने दिसत असे. दुपारच्या जेवणासाठी इतर वाचक उठून जात, तो मात्र जागेवरच बसून राही. सायंकाळी ग्रंथालय बंद करण्याची वेळ झाली की रखवालदाराला ज्या शेवटच्या वाचकाला उठवावे लागे, तोही बहुधा हाच असे. टिपणांच्या कागदांनी फुगलेले खिसे सांभाळत, थकलेल्या डोळ्यांनी तो बाहेर पडे. हा विद्यार्थी कोवळ्या वयाचा नव्हता. त्याने तिशी गाठत आणली होती. अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी होती, मुंबईच्या महाविद्यालयात त्याने प्राध्यापकी केली होती आणि परळच्या चाळीत त्याची पत्नी व मुलगा त्याची वाट पाहत होते. हे होते भीमराव रामजी आंबेडकर.

महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना आणि धर्मांतर हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील टप्पे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांच्या परदेशी पदव्यांची यादीही अनेकांना पाठ असते. त्या पदव्या ज्या दिवसांतून मिळाल्या त्या दिवसांचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. विद्यार्थ्याने काय खाल्ले, खोलीचे भाडे कसे दिले, पैसे कोणाकडून उसने घेतले, हा तो हिशेब आहे. तो समजून घेतला की भारतात परतल्यावर त्यांनी उभारलेल्या आरंभीच्या संस्थांपैकी एक सोलापुरातील विद्यार्थी वसतिगृह का होती, याचाही उलगडा होतो.

अमेरिकेहून लंडनला

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी बी.ए. पूर्ण केले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. त्याशिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र होतेच. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. शिष्यवृत्तीच्या रकमेतला काही भाग घरी जात असे, उरलेल्यातून जुन्या पुस्तकांची खरेदी चाले. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गोळा केली होती. तेथील वसतिगृहात नवल भथेना नावाच्या एका पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जडला. हा स्नेह पुढे फार मोलाचा ठरणार होता.

१९१६ मध्ये ते अमेरिकेतून थेट लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव दाखल केले. एका वेळी दोन ठिकाणचे दोन अभ्यासक्रम त्यांनी अंगावर घेतले. लंडन स्कूलमध्ये हॉलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोव्ज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र असे विषय त्यांनी घेतले होते. शुल्क होते १० पौंड १० शिलिंग. महिन्याच्या पूर्ण शिष्यवृत्तीएवढी रक्कम त्यातच जाण्यासारखी होती.

परंतु हे शिक्षण वर्षभरही चालले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा आदेश आला. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. तेवढा एक धागा हाती ठेवून १९१७ च्या उन्हाळ्यात ते भारताकडे निघाले. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणतीराच्या माऱ्याने बुडाली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी सुमारे सहाशे रुपये मिळाले. बडोद्याला जाऊन नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चाला त्यातलीच रक्कम कामी आली, इतकी हातात तंगी होती.

राहण्यास जागा नाही

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाचा हा पदवीधर महाराजांचा लष्करी सचिव म्हणून नेमला गेला, परंतु शहरात त्याला कोणी खोली देईना. अखेर एका पारशी खानावळीत त्यांनी ओळख लपवून जागा मिळविली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. कोणी हिंदू किंवा ख्रिस्ती मित्रही आसरा देण्यास पुढे आला नाही. एका झाडाखाली बसून अश्रू ढाळल्यानंतर ते मुंबईला परतले.

हा प्रसंग अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याला आणखी एक बाजू आहे. या देशात अस्पृश्य माणसाने कितीही मोठी पदवी मिळविली तरी परगावी रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी स्वतः भोगले. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या अस्पृश्य मुलापुढे तर तो पहिल्याच दिवशी उभा राहणार होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये होता. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी कुरबुर तेथेही झाली. त्यांचे लक्ष मात्र लंडनला परत जाण्याकडे लागले होते. चार वर्षांची मुदत सरत चालली होती. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत काटकसरीने संसार चालवून पगारातले पैसे बाजूला टाकले जात. रमाबाईंनी ती काटकसर निमूटपणे पेलली. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दोन्ही ठिकाणी पाठबळ दिले. सार्वजनिक जीवनात नाव होऊ लागले असतानाच त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या भांडवलावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनच्या बोटीवर चढले. बडोद्यात त्यांना घराबाहेर काढणारे लोक पारशी होते आणि लंडनला जाण्यासाठी कर्ज देणारा मित्रही पारशीच होता.

दिवसाचा हिशेब

या वेळी मागे कोणतेही संस्थान नव्हते. जे होते ते स्वतःचे आणि उसने. त्यामुळे लंडनमधील प्रत्येक दिवसाला किंमत होती.

सुरुवातीला ज्या घरी ते राहिले त्या घराची मालकीण कडक होती आणि तिच्याकडील अन्न बेताचे. सकाळी चहा, पावाचा तुकडा आणि त्यासोबत नाममात्र काही, एवढी न्याहारी करून ते बाहेर पडत. पुढचा मुक्काम ग्रंथालय. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय म्हणजे भव्य घुमटाखालचे गोलाकार दालन. कार्ल मार्क्स यांनीही वर्षानुवर्षे याच दालनात बसून अभ्यास केला होता. त्याशिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय आणि लंडन स्कूलचे ग्रंथालय अशी त्यांची फिरती असे. दुपारचे जेवण ते घेत नसत. त्यात पैसे जात आणि त्याहून महाग असा वेळही जाई.

सायंकाळी ग्रंथालय मिटले की खोलीवर परतायचे, थोडे पाय मोकळे करायचे आणि घरमालकिणीकडचे जेवण घ्यायचे. जेवण म्हणजे मांसाच्या अर्कापासून बनविलेल्या बोव्हरिलचा पेला, काही बिस्किटे आणि थोडे लोणी. त्यानंतर पुन्हा वाचन. रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडे. एका ओळखीच्या गुजराती गृहस्थाने दिलेले पापड त्या वेळी उपयोगी येत. पत्र्याच्या ताटलीवर चार पापड भाजून ते खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे, हा क्रम पहाटेपर्यंत चाले. खोलीत राहणारा भारतीय सोबती मध्येच जागा होई आणि त्यांना झोपण्याचा आग्रह करी. अन्नाला पैसा आणि झोपेला वेळ आपल्याजवळ नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळे.

पुढे १९२१-२२ या काळात ते उत्तर लंडनमधील प्रिमरोज हिल भागात, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. लंडनमध्ये करमणुकीची साधने कमी नव्हती. नाटकगृहे, उपाहारगृहे, सहली यांत इतर भारतीय विद्यार्थ्यांचा वेळ आणि वडिलांचा पैसा जात असे. या विद्यार्थ्याच्या दिनक्रमात त्यांना जागा नव्हती. खर्चाची एकच हौस होती, ती पुस्तकांची.

बॅरिस्टरीच्या शिक्षणाची एक गंमतही येथे नोंदविण्यासारखी आहे. इंग्लंडमधील या कायदेसंस्थांच्या प्रथेप्रमाणे केवळ परीक्षा देऊन भागत नसे. प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात बसून जेवण घ्यावे लागे, तेव्हाच ते सत्र पुरे झाल्याचे धरले जाई. खोलीवर पापडांवर रात्र काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीसाठी ग्रेज इनच्या लांब मेजांवरील ही भोजने सक्तीची होती.

रुपयाचा प्रश्न

आंबेडकरांनी डॉक्टर ऑफ सायन्स या पदवीच्या प्रबंधासाठी रुपयाचा प्रश्न हा विषय निवडला होता. योगायोग असा की, लंडनमध्ये त्यांना रोज भेडसावणारा प्रश्नही रुपयाचाच होता.

पहिल्या महायुद्धानंतर रुपया आणि पौंड यांचा विनिमय दर अस्थिर झाला होता. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंग आठ पेन्सहून अधिक मिळत होते. त्याच वर्षी सरकारने कायद्याने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला, परंतु तो टिकविता आला नाही. वर्षभरात रुपया घसरत घसरत एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आणि त्याखालीही आला. याचा अर्थ साधा होता. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंग दराने पाचशे पौंड होतात, तर एक शिलिंग चार पेन्स दराने जेमतेम तीनशे तेहतीस. मुंबईत घेतलेले कर्ज रुपयांत तेवढेच राहिले. लंडनमध्ये मात्र एका रुपयात पूर्वीपेक्षा कमी पाव, कमी कोळसा आणि कमी पुस्तके येऊ लागली.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. कायद्याच्या शिक्षणाचे शुल्क आणि परतीचा खर्च यांसाठी ते हवे होते. भथेना यांनाही त्यांची पत्रे जात. उसने मागण्याचा संकोच त्या पत्रांत असे, परंतु निरुपाय होता. मुंबईत रमाबाईंचीही ओढाताण चालू होती. घरात लहान यशवंत होता, थोरल्या भावामागे उरलेल्या कुटुंबाचाही भार होता. सीताराम शिवतरकर हे सहकारी घराकडे लक्ष ठेवीत आणि लंडनला खबर कळवीत. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि एक मोठा आधार नाहीसा झाला.

अशा स्थितीतही अभ्यासाची गती मंदावली नाही. जून १९२१ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम.एस्सी. पदवी मिळाली. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरील मोठा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेश मिळविला होता. प्रबंध सादर केल्यावर ते तिकडे गेले, परंतु तेथे फार काळ राहता आले नाही. मार्च १९२३ मध्ये त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांचा लंडनला परत येण्याचा निरोप आला.

निरोप सुखाचा नव्हता. परीक्षकांना प्रबंधातील मांडणी रुचली नव्हती. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणाने भारतीय जनतेचे, विशेषतः गरीब वर्गाचे नुकसान झाले, असे त्यात आकडेवारीनिशी दाखविले होते. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवरही टीका होती. निष्कर्ष कायम ठेवून प्रबंध पुन्हा लिहावा, असे सुचविण्यात आले. त्याआधी लंडन स्कूलमधील विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे भारतातील जबाबदार राज्यपद्धतीवर त्यांनी वाचलेल्या निबंधानेही खळबळ उडविली होती. हॅरॉल्ड लास्की यांना त्यातले विचार क्रांतिकारक वाटले होते.

लंडनमध्ये थांबून प्रबंध नव्याने लिहिण्याएवढे पैसे उरले नव्हते. त्यामुळे ३ एप्रिल १९२३ रोजी ते मुंबईत परतले. पुनर्लेखन परळच्या चाळीत झाले आणि प्रबंध तेथून लंडनला रवाना झाला. या वेळी तो मान्य झाला. डी.एस्सी. ही पदवी नोव्हेंबर १९२३ मध्ये मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांची होती. लेखकाची सर्व मते आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, परंतु विचारांच्या ताजेपणाला दादही दिली. ग्रंथ आंबेडकरांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे याच विषयाचे जाणकार म्हणून त्यांची साक्ष झाली.

पदव्या एवढ्या असूनही मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करण्यासाठी लागणाऱ्या सनदेचे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. तेही भथेना यांच्या मदतीने भरावे लागले.

सोलापूरची निवड

वकिली नुकती सुरू झाली असताना त्यांनी सार्वजनिक कार्याची उभारणी हाती घेतली. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेच्या उद्देशांत वसतिगृहे काढून अस्पृश्यांत शिक्षणाचा प्रसार करणे हा उद्देश अग्रभागी होता. त्याची पहिली ठळक फलश्रुती सोलापुरात दिसली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने येथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले.

त्या काळातील परिस्थिती ध्यानात घेतली तर या कामाची निकड कळते. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. सरकारी व सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, निदान कागदावर तरी. परंतु शाळेचे दार उघडले म्हणून मूल शिकत नाही. प्राथमिक चौथीपुढचे शिक्षण मोठ्या गावात वा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळे. खेड्यातील महार, मांग वा चांभार मुलाने सोलापुरात यायचे तर त्याने राहायचे कोठे? ब्राह्मण, मराठा, लिंगायत विद्यार्थ्यांना जातीची वसतिगृहे, मठ वा नातलगांचे आश्रय होते. वार लावून जेवण्याची सोय होती. अस्पृश्य मुलाला भाड्याने खोली मिळणे दुरापास्त होते आणि कोणाच्या घरी वाराने जेवणे तर अशक्यच. सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे आसपासच्या खेड्यांतील माणसे पोटासाठी येथे येत राहिली. काम करायला येणाऱ्यांना चाळ मिळे, शिकायला येणाऱ्याला मात्र काहीच नव्हते.

सभेने या मुलांच्या राहण्याचा, जेवणाचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च उचलला. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहाला चाळीस रुपयांचे अनुदान मंजूर केले. सभेच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले.

या खर्चाच्या यादीकडे नीट पाहिले तर लंडनमधील दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. छप्पर, अन्न, कपडे, वही, पुस्तक. अभ्यासू माणसाच्या जिद्दीचे कौतुक समाज करतो, परंतु जिद्द भाकरीची जागा घेऊ शकत नाही, हे आंबेडकरांना अनुभवाने कळले होते. बडोद्यात त्यांना छप्पर मिळाले नाही, लंडनमध्ये छप्पर मिळाले तर पोटभर अन्न नव्हते. जे हाल स्वतः सोसले ते पुढच्यांच्या वाट्याला आलेच पाहिजेत, असे मानणारी माणसे असतात. आंबेडकर त्यांतले नव्हते. आपल्या उपासमारीचा त्यांनी आदर्श केला नाही. ती पुन्हा कोणावर येऊ नये याची व्यवस्था करण्याच्या ते मागे लागले.

एका वसतिगृहापासून पुढे

सोलापूरच्या वसतिगृहानंतर हे काम वाढत गेले. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्यामार्फत इतर ठिकाणी वसतिगृहे चालविली गेली. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सोलापुरातून जिवाप्पा ऐदाळे हे त्यांचे सहकारी मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने डॉ. आंबेडकरांना मानपत्र दिले. तेरा वर्षांपूर्वी ज्या नगरपालिकेकडून वसतिगृहासाठी अनुदान मिळाले होते, तिच्याच मानपत्राचा त्यांनी स्वीकार केला.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारकडून तीन लाख रुपयांची शिष्यवृत्तीची तरतूद मंजूर करून घेतली. त्यातून काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशीही गेले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये आणि औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. लंडनला जाणारे मराठी प्रवासी आवर्जून तेथे जातात. त्यांना कर्ज देणाऱ्या आणि पाठबळ पुरविणाऱ्या शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्तीची योजना आहे. तिच्या आधारे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशात शुल्क आणि निर्वाह खर्च मिळतो.

सोलापुरातील वसतिगृहाचा मान लंडनच्या स्मारकाइतका मोठा नसेल. परंतु आजही ग्रामीण भागातून शहरात शिकायला येणाऱ्या गरीब मुलामुलींपुढे पहिला प्रश्न खोलीचा आणि खानावळीचा असतो, प्रवेशाचा त्यानंतर. शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने उशिरा आली तर त्या काळात जेवायचे काय, हा प्रश्न कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. लंडनच्या खोलीत पत्र्याच्या ताटलीवर पापड भाजणाऱ्या विद्यार्थ्याला तो नेमका ठाऊक होता, आणि हाती सत्ता नसताना, स्वतःची वकिली धड चालत नसताना त्याने त्याचे एक उत्तर सोलापुरात उभे केले.